घड्याळाच्या खोलीचं दार

चौथं पत्र आलं तेव्हा सुवर्णा ढेबेने ते उभ्या उभ्याच वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचलं. आपण बिनडोक आहोत असं कुणी लेखी कळवलं की माणूस एकदा खात्री करून घेतोच.

'गारमाळ केंद्राच्या घड्याळात सातत्याने दोष आढळत आहे. संभाव्य कारण : घड्याळाच्या खोलीचे दार उघडे राहणे. दोषाचे स्वरूप : मानवी निष्काळजीपणा. खात्री : ९४ टक्के. आपले नम्र, नीरक्षीर.'

"नम्र म्हणे!" ती मोठ्याने म्हणाली.

नीरक्षीर हा माणूस नव्हता. पुण्याच्या संगणन केंद्रात दोन वर्षांपूर्वी बसवलेली ती प्रणाली होती. दुधातलं पाणी वेगळं काढणाऱ्या हंसावरून तिचं बारसं झालं होतं, आणि बारशाचे पेढे सुवर्णानेही खाल्ले होते. तेव्हा तिला काय ठाऊक, की हा हंस पुढे तिलाच पाण्यात काढणार आहे.

दार उघडं! चोवीस वर्षं ती गारमाळच्या पठारावर रेकॉर्डिंग सांभाळत होती, आणि गेली तीन वर्षं तर एकटीने, कारण बाकीच्या चार जागा काटछाटीत गेल्या होत्या. घड्याळाच्या खोलीला दोन दारं. आतल्या दाराचं रबर तिने स्वतःच्या हाताने तीनदा बदललं होतं. तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी ते घड्याळ रुसतं, म्हणून त्या खोलीत ती श्वाससुद्धा जपून घ्यायची. वडील गेल्याचा फोन आला त्या दिवशीही तिने आधी आतलं दार लावलं, मग बाहेरचं लावलं, कडी ओढून पाहिली, आणि मगच रडली होती. अशा बाईला एक यंत्र सांगत होतं, की दार लावत जा.

त्या घड्याळाचं एवढं कौतुक कशासाठी, ते सांगायला हवं. दुर्बिणीची ताटली जितकी रुंद, तितकं आकाशातलं बारीक दिसतं. पण देशाएवढी रुंद ताटली बांधणार कोण? म्हणून ही युक्ती. एक ताटली इथे सह्याद्रीच्या माथ्यावर, एक दोन हजार किलोमीटरवर मेघालयात, अशा सात ठिकाणी. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे तोंड करायचं आणि तिकडून येणारी रेडिओ लहरींची खरखर जशीच्या तशी डिस्कवर उतरवून घ्यायची. दर क्षणाला वेळेचा शिक्का मारायचा. ही नोंद इतकी अवाढव्य होते की तारेतून पाठवणं परवडत नाही. डिस्कच्या पेट्या भरतात आणि टेम्पोतून, विमानातून पुण्याला जातात. तिथे सात ठिकाणची खरखर शिक्क्यांवरून एकमेकींशी जुळवली, की सात ताटल्यांची मिळून एक प्रचंड दुर्बीण होते. तीच लहर मेघालयात आधी पोचली की गारमाळला, आणि कितीने आधी, यावर सगळा खेळ. एका सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या शे-सव्वाशे तुकड्यांनाही तिथे किंमत असते. घड्याळ चुकलं की सगळंच मुसळ केरात.

आणि नीरक्षीर म्हणत होता, की जानेवारीपासून गारमाळचं घड्याळ चुकतंय, आणि दर महिन्याला जास्त चुकतंय.

तिने पुण्याला फोन लावला. केंद्राचे प्रमुख डॉ. केळुस्कर हुशार होते, सज्जन होते, आणि गेल्या सहा वर्षांत एकदाही गारमाळला आले नव्हते.

"सर, दार बंद असतं. तापमानाची नोंद तुम्हाला रोज पाठवते. सरळ रेघ आहे."

"हो, पण मॅडम, प्रणालीने सगळ्या शक्यता तपासल्यात. हवा नाही, केबल नाही. उरलं घड्याळ. आणि घड्याळाशी कोण असतं?"

"जमीन तपासली का?"

केळुस्कर हसले. "जमीन? पठार काय चालतंय का? गारमाळची जागा आपण प्रणालीत कायम करून टाकलीय. शेजारच्या जलविद्युत प्रकल्पाचा दर आठवड्याचा दाखला येतो, पठार स्थिर आहे म्हणून. त्यांच्याकडे मोजणीची यंत्रं आहेत."

"आपलं यंत्र वीज पडून जळालं त्याला सव्वा वर्ष झालं. मी पाच पत्रं लिहिली."

"ते मंजुरीत आहे. हे बघा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शुक्रवारपर्यंत या सत्राच्या पेट्या पुसून परत पाठवा, पुढच्या सत्राला पेट्या कमी पडताहेत. आणि दाराकडे जरा लक्ष द्या."

तिने फोन आपटला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि वर संन्याशालाच सांगायचं मनाला लावून घेऊ नका!

पेट्या पुसणं ही रीतच होती. जुळवणी झाली की पुण्याने निष्कर्ष ठेवायचे आणि पेटी केंद्राकडे परत धाडायची, केंद्राने कच्ची नोंद पुसून ती पुन्हा भरायला पाठवायची. नीरक्षीर आल्यापासून तर पंधरा दिवसांत पुसायची. हंसाने दूध पिऊन झालं की पाणी ओतून द्यायचं. पण गारमाळची आणखी एक रीत होती, आणि ती नीरक्षीरला माहीत नव्हती.

तिला काम शिकवणाऱ्या गुर्जर सरांनी ती घालून दिली होती. दर सत्राच्या आधी दहा मिनिटं ताटली चारही दिशांना फिरवायची, आणि चार दिशांच्या चार क्वेसारांची मिनिट-मिनिट नोंद घ्यायची. क्वेसार म्हणजे इतके लांबचे दिवे, की आपल्या हजार पिढ्या गेल्या तरी ते जागचे हललेले दिसायचे नाहीत. सर म्हणायचे, "ते हलत नाहीत. तेव्हा काही हललं, तर आपणच हललो असं समजायचं." केंद्रावर या प्रकाराला प्रदक्षिणा म्हणत. वेळापत्रकात ती नव्हती, पगारात नव्हती, आणि प्रदक्षिणेचे तुकडे पुसायचे नाहीत हा सरांचा दंडक होता. पत्र्याच्या कपाटात बावीस वर्षांचे तुकडे होते.

एका ताटलीची प्रदक्षिणा एकटी उपयोगाची नाही, जोडीला दुसरी लागते. मेघालयच्या केंद्रावरचा शानबोर तरुणपणी गारमाळला शिकून गेला होता आणि जाताना ही रीत बरोबर घेऊन गेला होता. दोघं अजून ठरल्या मिनिटाला प्रदक्षिणा घालत. त्यांचं बोलणं हिंदीतून चालायचं.

"शानबोर, डिसेंबरपासूनचे तुकडे पाठव. चारही महिन्यांचे."

"दीदी, तुमच्यावरही दार उघडं ठेवल्याचा आळ आला का? माझ्यावर मागच्या वर्षी आला होता. नंतर कळलं, वारूळ होतं पायाखाली."

"माझ्या पायाखाली काय आहे तेच बघायचंय."

मिनिटभराचे तुकडे नेटवरून यायला दुपार गेली. गुर्जर सरांचा जुना संगणक तिने धूळ झटकून चालू केला. तो पंख्यासारखा आवाज करायचा आणि एका दिशेची जुळवणी करायला पाऊण तास घ्यायचा, पण तो कुणाला अक्कल शिकवत नसे.

त्याच वेळी खालून, आंबखोलहून तिच्या भावजयीचा फोन आला. आंबखोल पठाराच्या पश्चिम कड्याखाली. पावणेदोनशे उंबरा. धाकटा भाऊ अंकुश, त्याची बायको वनिता आणि दोन पोरी तिथे राहत.

"ताई, वर पिण्याचं पाणी असलं तर चार कॅन जीपमधनं धाडा की. हितं झऱ्याला गेरूच उतरलाय. निस्तं लाल पाणी. कापडं धुवायची पण सोय न्हाई राहिली."

"कधीपासून गं?"

"झालं की महिना. आधी जरा जरा यायचं."

सुवर्णाने कॅन धाडते म्हणून सांगितलं. सह्याद्रीचा कातळ हा एकसंध नसतो. लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी तो रचलेला, आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. कोरडा असेपर्यंत तो दगडाला दगड. पाणी मुरलं की त्याचं लोणी होतं. आणि पठारावर जानेवारीपासून पाणी भरलं जात होतं. जलविद्युत प्रकल्पाचा वरचा तलाव. दिवसा उन्हाची वीज वापरून पाणी वर चढवायचं, गरज लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. कल्पना चांगली होती. तलाव कड्यापासून अर्ध्या किलोमीटरवर बांधायची कल्पना ज्याला सुचली, त्याचं घर मात्र आंबखोलमध्ये नव्हतं.

चारही दिशांचे आकडे आले. उत्तर आणि दक्षिण, काही फरक नाही. पश्चिमेचा क्वेसार सेकंदाच्या त्या लाख कोटी तुकड्यांपैकी सव्वाशे तुकडे लवकर. पूर्वेचा तितकाच उशिरा.

तिने कागदावर पुन्हा मांडून पाहिलं. घड्याळ पुढे असलं तर सगळ्या दिशांना सारखंच पुढे असणार. ते पूर्व-पश्चिम बघत नाही. पश्चिमेची लहर लवकर भेटते आणि पूर्वेची उशिरा, याचा अर्थ एकच. ताटली पश्चिमेकडे सरकली होती. कड्याकडे. चार सेंटिमीटर. डिसेंबरात शून्य, जानेवारीत अर्धा, फेब्रुवारीत दोन, मार्चमध्ये चार. आणि नीरक्षीरच्या काटकसरी वेळापत्रकात सगळी निरीक्षणं पश्चिमेच्या एकाच पट्ट्यातली! एकाच बाजूने बघणाऱ्याला घड्याळच चुकलेलं दिसणार. जमीन हलतच नाही असं आधीच ठरवून टाकलं, की उरतं कोण? दाराशी उभी असलेली बाई.

तिने केळुस्करांना आकडे पाठवले. उत्तर तासाभरात आलं. 'अनधिकृत नोंदींवर भाष्य करता येत नाही. पेट्या शुक्रवारपर्यंत पुसाव्यात. प्रकल्पाकडे विचारणा केली असता पठार स्थिर असल्याचे त्यांनी पुन्हा कळवले आहे.'

त्या दाखल्याखाली मोजणी पर्यवेक्षकाची सही होती. अंकुश धोंडिबा ढेबे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंकुशला वर बोलावून घेतलं. तो प्रकल्पाचं पिवळं शिरस्त्राण काखेत मारून आला, हसत. तिने चहा विचारला नाही. सही पुढे सरकवली.

"ही तुझी?"

"व्हय. का गं?"

"कड्यावरची यंत्रं काय दाखवत्यात रं अंकुश?"

"शून्य."

"माझ्या डोळ्याकडं बघून सांग."

अंकुशने शिरस्त्राण टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. "ताई, ती नवी यंत्रं हायती. बसायला येळ लागतो त्यास्नी. साहेब म्हनलं, दर सोमवारी शून्य करून घ्यायची. मग आठवड्याचं जे काय यील ते दोन-तीन मिलिमीटर. ते चुकीत धरत्यात."

"दर सोमवारी."

"व्हय."

"आणि तेरा सोमवार झाले."

सुवर्णाला हिशेब करून दाखवायची गरज नव्हती. तो तिच्याच हाताखाली बारावीचं गणित शिकला होता.

"तुला कळत होतं," ती म्हणाली. आवाज चढला तो मग उतरलाच नाही. "तुला कळत होतं आणि तू बटन दाबत होतास! माझ्या नावानं चार पत्रं आली, दार उघडं ठेवती म्हणून. चोवीस वर्षांची माझी इज्जत त्यांनी दाराला टांगली, आणि दाखला कुणाचा, तर माझ्या भावाचा! माझं ऱ्हाऊ दे. तुझ्या पोरी निजत्यात त्या कड्याखाली. झऱ्याला गेरू आलाय, तुझी बायको मला सांगती, तुला न्हाई सांगितलं तिनं?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काय करू? चाळिसाव्या वर्षी नोकरी लागली ताई. धा वर्सं डेअरीच्या गाडीवर दूध गोळा केलं मी. साहेबाला एकदा म्हनलं, जरा जास्त सरकतंय. तर म्हनला, तुला मोजायला ठिवलंय का घाबरायला?" त्याचे डोळे भरले होते. "सोमवारी तलाव काठोकाठ भरायचाय. मंत्री यायच्यात. म्हनलं एवढं झालं की बोलू."

कुंपणानेच शेत खाल्लं तर राखायचं कुणी? तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि लहानपणी वाजवत असे तशी हक्काने वाजवावीशी वाटली. तिने पत्र्याचं कपाट उघडलं, प्रदक्षिणेच्या डिस्क पिशवीत भरल्या आणि जीपची किल्ली घेतली.

"चल. आत्ता बोलायचं. मंत्री येऊन गेल्यावर बोलायला तुझ्याकडं गाव उरायचं न्हाई."

आंबखोलच्या शाळेत माणसं जमली ती तिच्यासाठी नाही, लाल पाण्यासाठी. सुवर्णाने त्यांना दिशा सांगितल्या, क्वेसार सांगितले, चार सेंटिमीटर बोटांनी दाखवले. लोकांनी ऐकून घेतलं. मग सदू मोरे नावाचे म्हातारे उठले.

"बाई, तुमचं यंत्र आभाळातलं तारं बघतंय का आमची घरं बघतंय? आमच्या आज्यापंज्यानं पठार हाललेलं बघितलं न्हाई. आन चार बोटं हाललं तर हाललं! एवढ्यासाठी घरं सोडायची?"

थोडे हसले. सुवर्णा चिडून काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी बघितलंय." अंकुश उभा होता. शिरस्त्राण दोन्ही हातांत धरलेलं, पंगतीला ताट धरावं तसं. "पठार हालतंय. रोज मी बघतोय. आन दर सोमवारी मी ते पुसतोय. ताईचं घड्याळ बरोबर हाय. खोटी सही माझी हाय."

शाळेत एकदम गलका झाला. कुणीतरी त्याच्या अंगावर धावून गेलं, आणि वनिताच सर्वांत आधी धावली. "माज्या पोरी झोपवल्यास तितं!" ती त्याच्या छातीवर बुक्के मारत होती आणि तो मार खात उभा होता. सुवर्णाने सोडवलं नाही. घटकाभराने सदू मोरेच सर्वांत आधी घरी गेले, आणि शेळ्या सोडून पलीकडच्या खांडीकडे, डोंगरातल्या खिंडीकडे, हाकू लागले. दोन दिवसांत अख्खं आंबखोल खांडीपलीकडच्या गावात, देवळात, सोयऱ्यांकडे गेलं. तहसीलदारांनी 'अफवांवर विश्वास ठेवू नये' असं पत्रक काढलं ते लावायला गावात माणूस सापडला नाही.

शुक्रवारी सुवर्णाने पेट्या पुसल्या नाहीत. शनिवारी तिच्या निलंबनाचा आदेश आला. कारणं दोन : आदेशाचा भंग, आणि घड्याळाच्या खोलीचं दार. खाली तळटीप होती, की बदली माणूस रुजू होईपर्यंत त्यांनी नेहमीचे काम चालू ठेवावे. ती तळटीप वाचून तिला खदखदून हसू आलं. निष्काळजी म्हणून काढून टाकायची, पण काम तिच्याशिवाय कुणी करायचं नाही!

सोमवारी तलाव काठोकाठ भरला. मंत्र्यांनी पाण्यात फुलं सोडली.

मंगळवारी सत्र होतं. रेकॉर्डिंगची खोली ताटलीपासून सहाशे मीटर मागे, पूर्वेला, पक्क्या कातळावर होती, कारण संगणकांची कुरकुर ताटलीला ऐकू जाऊ नये. घड्याळाची खोली मात्र ताटलीच्या पायाशी. सकाळी दहाला तिने दोन्ही दारं लावली, कडी ओढून पाहिली, मग मागे येऊन प्रदक्षिणा घातली. पलीकडे शानबोरनेही घातली. मग ताटली पश्चिमेकडे वळली आणि पेट्या भरू लागल्या.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी टेबलावरच्या चहात वर्तुळं उठली. ती खिडकीशी गेली. पठारावर आडवी भेग पडत होती, तलावापासून थेट ताटलीच्या अलीकडून, कुणी सुरीने वडी कापावी तशी सरळ. पाणी भेगेत शिरलं. ताटली पश्चिमेकडे तोंड करूनच हलू लागली, आधी सावकाश, आभाळाकडचं लक्ष न काढता, आणि मग सगळा कडा तिला घेऊन खाली गेला. आवाज नंतर आला. धूळ खूप वेळ बसली नाही.

सुवर्णा ओरडत होती, हे तिला स्वतःला उशिरा कळलं. ती अंकुशला शिव्या देत होती, केळुस्करांना देत होती, त्या साहेबाला, मंत्र्याला, हंसाला. चोवीस वर्षं जिच्या पायाशी काढली ती ताटली गेली होती. आंबखोलची पावणेदोनशे घरं गेली होती, तिच्या भावाचं त्यात होतं. माणूस एकही गेलं नव्हतं. हे तिने मनाशी पुन्हा पुन्हा म्हटलं, तरी राग उतरेना, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.

प्रकल्पाने सायंकाळपर्यंत 'नैसर्गिक आपत्ती' असं जाहीर केलं. अंकुशने पोलिसांत जबाब दिला आणि खांडीपलीकडच्या सोयऱ्याच्या ओसरीवर येऊन बसला. सुवर्णाने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. आणि आत निघून गेली.

पण त्याआधी तिने एक काम केलं होतं. केबल तुटेपर्यंतची नोंद पेटीत उतरली होती, शेवटच्या सेकंदापर्यंत, वेळेच्या शिक्क्यांसकट. पेटी तिने नियमाप्रमाणे बंद केली, चिठ्ठी लावली, आणि प्रदक्षिणेच्या सगळ्या तुकड्यांची एक प्रत जोडून स्वतः टेम्पोत ठेवून पुण्याला पाठवली. बदली माणूस अजून रुजू झाला नव्हता.

आठव्या दिवशी पाचवं पत्र आलं.

'गारमाळ केंद्राच्या घड्याळात मंगळवारच्या सत्राच्या अखेरीस दहा नॅनोसेकंदांचा गंभीर दोष आढळला. संभाव्य कारण : घड्याळाच्या खोलीचे दार उघडे राहणे. खात्री : ९९ टक्के. दार तातडीने बंद करून कळवावे. आपले नम्र, नीरक्षीर.'

सुवर्णाने ते खांडीच्या टोकावर उभं राहून वाचलं. समोर कड्याच्या जागी लाल मातीची ओली जखम होती, आणि तिच्या तळाशी, दगडांच्या राशीत, ताटलीचा एक पांढरा तुकडा उन्हात चमकत होता. मग तिने उत्तर लिहिलं, आणि प्रत केळुस्करांना, प्रकल्पाला, तहसीलदारांना आणि तीन वर्तमानपत्रांना जोडली.

'दार लावलेले होते. ते आंबखोलवर पडले आहे. सापडले की पुन्हा लावते.'